मास्तराच्या घरची कोरी भिंत

मी ड्रॉइंग मास्तर होतो. नुसता मास्तर नव्हे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झालेला, आणि दोन्ही सर्टिफिकिटं काचेच्या चौकटीत घालून घरात टांगणारा मास्तर. आलेल्या पाहुण्याला पाण्याचा गडवा द्यायच्या आधी मी त्या चौकटी दाखवत असे. आज हे सांगताना लोकांना हसू येतं. मला येत नाही, किळस येते.

नोकरी लागली ती नागभीडपासून दोन कोसांवरच्या एका गावात. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. मी वरोऱ्याचा, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत वाढलेला. इकडे सगळा धानाचा मुलूख. गावाला लागून बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीच्या पलीकडे लगेच जंगल. मला ते गाव गावच वाटायचं नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याच गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी माझं लग्न झालं, सासऱ्यानं घर बांधायला जागा दिली आणि मी तिथलाच झालो. मुलगी शाळेचं तोंडही न पाहिलेली. मला वाटलं, बरंच आहे, आपण घडवू.

घडवू! काय माज होता अंगात.

त्या दिवसांत सरकारी योजनांची चित्रं काढायचं काम शाळामास्तरांकडे येई. खताचा खड्डा कसा खणावा, देवी का टोचून घ्याव्यात, असली चित्रं. मी ती मोठ्या हौसेनं काढायचो. वर्गात पोरांना ठासून सांगायचो की चित्र म्हणजे बिनशब्दांचं भाषण. बघणाऱ्याला त्यातून काही कळलं नाही तर ते चित्र नव्हे, रंगाची नासाडी. पोरं माना डोलवायची. मास्तर म्हणतो ते खरं.

लग्नानंतर महिनाभरानं मी एक चित्र काढलं होतं. विहिरीवर एक बाई पाणी भरते आहे आणि बाजूला ढोरं नाल्यातलं पाणी पिताहेत. माणसानं विहिरीचंच पाणी प्यावं, असा त्याचा अर्थ. तीन दिवस खपलो होतो. बायकोला बोलावून समोर उभी केली आणि विचारलं, "काय समजलं?" तिनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "मडक्याची गोलाई बेस जमली जी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एवढं सांगतो आहे, आणि ही बया मडक्याची गोलाई बघते! मी तिला म्हटलं, "तुले डोळे आहेत, अक्कल नाई." ती नेहमीच गप्प बसायची, आणि तिचा तो गुण मी पुरेपूर वापरला.

मग आमची पहिली दिवाळी आली. त्या गावची रीत अशी की दिवाळीच्या चार दिवस आधी बाया बोडीच्या काठची पांढरी माती आणतात, भिजवतात, दर्शनी भिंत हातानं सारवतात, आणि माती ओली आहे तोवरच तिच्यात बोटं ओढून काढायचं ते काढतात. माती वाळली की झालं, परत बोट लावता येत नाही. वर्षभर ते भिंतीवर राहतं, पावसात अर्धं निघून जातं, आणि पुढच्या दिवाळीला त्यावर नवी माती. गावात एखाद्या घरची भिंत नुसतीच पांढरी दिसायची. तिथली बाई आळशी असेल, एवढंच मला वाटायचं.

त्या दिवशी मी शाळेतून आलो आणि आंगणात उभाच राहिलो. आमची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. चार बोटं जोडून ओढली की चार रेघा एकदम उमटतात. मनगट वळलं की चारीही वळतात. त्या रेघा वळत होत्या, एकमेकींत शिरत होत्या, दाराशी येऊन थांबल्यासारख्या करून पुन्हा वर चढत होत्या. मध्येमध्ये गेरूचे ठिपके. कुठं पान म्हणावं तर पान नाही, मासोळी म्हणावी तर मासोळी नाही. पण नजर हलेना. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. चार शब्द होते. पुढचं सगळं त्या चार शब्दांवाचून घडलं.

कारण दुसऱ्याच क्षणी माझं डोकं सणकलं. मी नागपूरला जाऊन तीन-तीन तास स्टुलावर बसून मडकी आणि पेरू काढले, परीक्षा दिल्या, आणि जिला पेन्सिल धरता येत नाही तिनं एका दुपारी हे काढावं? मी हेवा करतो आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मुद्दाम कळून घेतलं नाही.

"हे काय काढलं?" मी विचारलं.

"भित सारवली जी."

"ते दिसते मले. हे काय आहे? पानी आहे का? मासोळी आहे का?"

ती भिंतीकडे बघू लागली, स्वतःच पहिल्यांदा बघावी तशी. "काई नाई," ती म्हणाली.

"मंग अर्थ काय याचा?"

"काई नाई जी. हात चालला."

बस. हात चालला! या दोन शब्दांनी मला जेवढा राग आणला तेवढा आयुष्यात कोणत्या शिवीनं आणला नसेल. माझा हात कधी चालला नव्हता. मी तो चालवत होतो, बैलासारखा, पराणी टोचून.

भाऊबीज झाल्यावर आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि आणखी दोघं मास्तर चहाला आले. हेडमास्तर भिंतीसमोर थबकले आणि म्हणाले, "वा! कोणी काढलं हे?" तेवढंच पुरलं. मी आतून शाळेतली छडी आणली आणि म्हटलं, "थांबा जी, कलावंतालेच विचारू." तिला बाहेर बोलावलं. ती पदर सावरत आली. तिला वाटलं असेल, चहाचे कप न्यायचे आहेत.

मी छडी भिंतीवर ठेवली. "ही काय आहे? भाताची लोंबी?"

"असन जी."

"का सापाची कात?"

"असन."

"का तुह्या बापाची मिशी?"

मास्तर लोक खो-खो हसले. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत, त्यांनी कपात बघितलं. मी छडी पुढे सरकवत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी तिनं "असन जी" म्हटलं. पदराचं टोक तिनं दातांत धरलं होतं. चहा झाल्यावर तिनं कप विसळले, पालथे घातले आणि स्वयंपाकाला लागली. रात्री मला वाढलं, भात थोडा जास्तच वाढला. मी म्हटलं, जिरवली.

पुढचं वर्षभर मी तिला शिकवलं. कमळ शिकवलं. आठ पाकळ्या, मध्ये गोल, खाली दोन पानं. कमळ म्हणजे पावित्र्य, असा अर्थही पाठ करून घेतला. पाटीवर ती कमळ काढायची ते वाकडंतिकडं यायचं. मी पाटी पुसायचो आणि म्हणायचो, "पुन्हा." कधी वीस-वीसदा. धान रोवायच्या दिवसांत ती बापाच्या शेतातून कंबर मोडून यायची, तरी "पुन्हा." कोणी विचारेल, एवढा छळ काऊन केला? आवडत होतं, हेच खरं.

दुसरी दिवाळी आली. मला वाटलं आता भिंतीवर कमळं दिसतील. संध्याकाळी शाळेतून येतो तो काय, एकही कमळ नाही! पहिल्या वर्षीपेक्षा भिंत आणखी मोकळी झालेली. रेघा आता दारावरून उडी मारून पलीकडे गेल्या होत्या. ती विहिरीवर हात धुवायला गेली होती. माती ओलीच होती आणि गेरूची वाटी जोत्यावर तशीच होती.

मी वाटीत बोटं बुडवली आणि भिंतीच्या मधोमध एक भलंमोठं शून्य काढलं. पोरांच्या पाटीवर काढायचो तसंच. लाल.

शेजारची म्हातारी आणि आणखी दोघी-तिघी बाया भिंत बघायला आल्या होत्या. मी हात पुसत बाजूला उभा राहिलो, तिची वाट बघत. मला तिचं तोंड बघायचं होतं.

ती आली, भिंतीकडे पाहिलं आणि थबकली. आणि मग तिच्या तोंडावर जे आलं ते लग्न झाल्यापासून मी पाहिलं नव्हतं. ती हसली. सगळे दात दिसेपर्यंत हसली. "तुमी बी काढलं?" ती म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली, गेरूत बोट बुडवलं आणि त्या शून्याभोवती भराभर ठिपके देऊ लागली. ठिपक्यांतून तिनं चार बोटं ओढून रेघा काढल्या आणि माझं शून्य आपल्या भिंतीत गुंतवून घेतलं. माती वाळायच्या आत, घाईघाईनं, तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत. "गोल बेस जमला जी तुमचा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, नवरा आज आपल्यासोबत बसला.

मला तिथं गप्प राहता आलं असतं. अजून सांगतो, एवढं सोपं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी आमचा संसार वेगळा झाला असता.

मी म्हटलं, "शून्य आहे ते. शंभरापैकी शून्य मार्क देले तुले."

तिला मार्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी समजावून सांगितलं. चांगलं काढणाऱ्याला शंभर, बऱ्याला पन्नास, आणि ज्याला काहीच येत नाही, ज्याच्या काढण्याला काही अर्थ नाही, त्याला हे. सावकाश सांगितलं, बायांनाही ऐकू जाईल असं. बाया एकेक करून सटकल्या. तिनं बोटाला लागलेला गेरू पाहिला आणि धुतलेले हात परत धुवायला गेली.

ते शून्य वर्षभर भिंतीवर राहिलं, तिच्या ठिपक्यांसकट. पावसात तिच्या रेघा गेल्या, गेरूचा गोल मात्र राहिला. मी रोज शाळेत जाताना तो बघायचो आणि मनातल्या मनात खूष व्हायचो. नीच माणूस.

तिसऱ्या दिवाळीच्या आधी वरोऱ्याहून निरोप आला की माझी माय फार आजारी आहे. शाळेला सुट्या लागल्या होत्या. मी एकटाच गेलो. गावातल्या सगळ्यांना माहीत होतं कशासाठी गेलो ते. माय आठ दिवसांत उठून बसली, भाकर मागू लागली, आणि मी निघालो. वरोऱ्याहून चांदा, चांद्याहून छोट्या लाइनीच्या गाडीनं नागभीड, पुढं पायी. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलो.

आंगणातून भिंत दिसली. पांढरी, गुळगुळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रेघ नाही. शून्यसुद्धा मातीखाली गेलं होतं.

मला इतकं बरं वाटलं! मी तिला म्हटलं, "शाब्बास. आता कसं शिकल्या-सवरल्या माणसाचं घर वाटते." लग्नानंतर तिची केलेली ही माझी पहिली तारीफ. तिनं पाण्याचा गडवा हातात दिला आणि माय कशी आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची म्हातारी आली. झाकलेली दुरडी तिनं छपरीत ठेवली आणि खांबाला टेकून बसली. मग दुसरी बाई आली, तिच्याही हातात झाकलेली ताटली. मग तिसरी. मग तळ्यात मासे धरणारा एक म्हातारा आला. गावात त्याला मान होता. त्यानं डोक्याचं दुपट्टं काढून हातात घेतलं आणि खाली मान घालून बसला. मला वाटलं, माय बरी झाल्याचं कळलं म्हणून लोक भेटायला आले. मी खुशीत होतो. वरोऱ्याच्या बाजारातल्या गोष्टी सांगू लागलो, यंदा कापूस कसा आला ते सांगितलं, एकदोनदा हसलोसुद्धा. कोणीच हसेना. म्हातारा माझ्या डोक्याकडे बघत होता. मी तेल लावून छान भांग पाडला होता.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "डोस्कं काऊन नाई भादरलं?"

"डोस्कं? कायच्यासाठी?"

"माय गेली ना तुमची?"

"कोन म्हनते? माय चांगली आहे! काल भाकर खाऊन राह्यली होती."

म्हाताऱ्यानं भिंतीकडे बोट केलं. "मंग भित कोरी काऊन ठेवली जी?"

तेव्हा मला कळलं. त्या गावात ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरची भिंत त्या दिवाळीला सारवतात, पण तिच्यात बोट ओढत नाहीत. त्या घरी सणाची कढई चढत नाही. गावच तळलेलं आणून देतं आणि घडीभर बसून जातं. कोरी भिंत दिसली की आत काय झालं ते विचारावं लागत नाही. बिनशब्दांचं भाषण म्हणून मी वर्गात घसा कोरडा करत होतो, आणि गावातल्या शेंबड्या पोराला वाचता येत होतं ते मला आल्या दिवसापासून वाचता आलं नव्हतं. आळशी बाया म्हणत होतो मी.

आणि तेव्हाच ध्यानात आलं की सकाळपासून आमच्या घरात तेलाचा वास नव्हता. तिनं कढई चढवलीच नव्हती.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती. मी ओरडलो, "सांग ना वो त्याइले! काऊन गप्प उभी आहेस?"

म्हातारीनं हळूच विचारलं, "कोन गेलं वो माय?"

"कोनी नाई," ती म्हणाली.

"मंग?"

"हात नाई चालला."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. आज दूध नासलं, असं सांगावं तसं सांगितलं. म्हातारी उठली, तिच्याजवळ गेली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. शून्य काढलं तेव्हा तीही तिथंच होती. मग लोक गेले. जाताना कोणीही आपली दुरडी, आपली ताटली परत उचलली नाही. मयताच्या घरी आणलेलं परत न्यायचं नसतं.

गावापुढं माझी अब्रू गेली, या एकाच गोष्टीची मला आग झाली होती. तिचं काय झालं ते मनात आलंही नाही. मी तिला म्हटलं, "आताच्या आता माती भिजव आन् काढ." तिनं माती भिजवली. अख्खी भिंत पुन्हा सारवली. मग ओला हात वर धरून माझ्याकडे वळली.

"काय काढू जी? अर्थ सांगा, काढीन."

माती वाळत चालली होती. मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, "कमळ."

तिनं कमळ काढलं. आठ पाकळ्या, मध्ये गोल, खाली दोन पानं. एक पाकळी लहान नाही की मोठी नाही. शंभरापैकी शंभर मार्कांचं होतं. इतकं मेलेलं फूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझंच होतं. मीच पाणी मारून पुसलं ते, आणि तळव्यानं भिंत सपाट केली. ती बाजूला उभी राहून बघत होती.

त्यानंतर तिनं कधीच काढलं नाही. दर दिवाळीला भिंत सारवायची, छान गुळगुळीत करायची आणि आत जायची. मी आधी रागावलो, मग विनवण्या केल्या, मग एकदा तिच्या पाया पडायला गेलो. ती घाबरून मागं सरली आणि म्हणाली, "असं नोका करू जी. नाईच चालत हात." ती खोटं बोलत नव्हती. मी सोडून बाकी सगळ्यांशी ती हसायची-बोलायची, पोरं वाढवली, धान रोवलं, कोणाच्या बाळंतपणाला धावली. माझ्याशीही कधी वाकडं बोलली नाही. तेवढं जरी बोलली असती तरी मला सुटल्यासारखं झालं असतं.

पहिली दोन वर्षं गावातले लोक दिवाळीला दुरड्या घेऊन यायचे. मग त्यांना सवय झाली. मास्तराच्या घरची भिंत कोरीच असते, असं ठरून गेलं. माझ्या बदल्या झाल्या, पण आसपासच्या गावांतच. घर तिथंच राहिलं.

अर्थ नसलेलं चित्र चित्र म्हणावं का, यावर माझा नातू त्याच्या मित्रांशी कडाकडा भांडतो. मलाही विचारतो, आजोबा, तुम्ही तर ड्रॉइंग मास्तर, तुम्ही सांगा. मी सांगत नाही. अर्थ नसलेली भिंत मी आयुष्यात दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा तिची वाट लावली. अर्थ असलेली पुढची तीसेक वर्षं पाहिली. रोज दारातून जाता-येता.

मग ती गेली. पावसाळा सरता सरता, दोन दिवसांच्या तापानं. त्या दिवाळीला सुनेनं रीतीप्रमाणे भिंत सारवली आणि बोट न लावता तशीच ठेवली. घरात कढई चढली नाही. मी सकाळपासून छपरीत बसलो होतो, दुपट्टं हातात घेऊन, भादरलेलं डोकं उघडं ठेवून. बाया झाकलेल्या दुरड्या घेऊन आमच्या आंगणावरून गेल्या, पलीकडच्या आळीत त्या वर्षी एक म्हातारा वारला होता त्याच्या घरी. तिच्या मयताला अख्खं गाव आलं होतं, पण दुरडी निघते ती भिंत बघून, आणि आमच्या भिंतीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ती तर दरवर्षी तशीच असायची.